लहानपणी बघितलेली डिझेल इंजिनं मॉडेलमध्ये कशी जमवायची

डिझेल इंजिनांची मॉडेलं जमवायचीयत, कुठून सुरुवात करू असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही लहानपणी नेमकं कुठलं इंजिन बघितलंय? कारण नेटवर शोधायला बसलात की अमेरिकेचं, जर्मनीचं, जपानचं इतकं काही समोर येतं की दोन महिन्यांत चार डबे घरी येतात आणि त्यातलं एकही तुमचं नसतं. ते चकचकीत पिवळं इंजिन दिसायला भारी असतं हो, पण त्याच्याकडे बघून मनमाडचा प्लॅटफॉर्म आठवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की चारच इंजिनं असावीत पण चारही आपण डोळ्यांनी बघितलेली असावीत, आणि ही पूर्ण माहिती त्याच हिशोबाने लिहितोय.

आपल्या नाशिकच्या पोरांचं जरा वेगळं आहे. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत १९३० च्या सुमारासच तारा आल्या आणि इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे साठच्या दशकाच्या शेवटी, त्यामुळे नाशिकरोडच्या पुलावरून आपण जे बघितलं ते बहुतेक सगळं इलेक्ट्रिक. पंचवटी विजेवर, गोदावरी विजेवर. म्हणूनच एखादी तपोवन डिझेलवर आली की आम्ही पोरं जाळीला चिकटायचो, आधी जमीन थरथरायची आणि मग तो धूर. खरं डिझेल बघायचं तर मनमाडला जायचं. तिथून अंकाईला जाऊन एक लाईन येवला, कोपरगाव, नगर करत दौंडला जाते आणि दुसरी नगरसूल, रोटेगाव करत तेव्हाच्या औरंगाबादला, आणि या दोन्ही लाईनींवर कित्येक वर्षं तारा नव्हत्या. झेलम, गोवा, कर्नाटक या दौंडकडच्या गाड्या, आणि मामाकडे जाताना खिडकीतून ती हडबीची शेंडी दिसली की समजायचं आता मनमाड आलं, आता इंजिन बघायला मिळणार.

तर पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि आठवणी लिहून काढा. कुठल्या स्टेशनवर, कुठली गाडी, साधारण कुठलं साल, इंजिनाचा रंग काय, समोरून नाक (म्हणजे ड्रायव्हरच्या कॅबपुढचा भाग, हूड) लांब होतं का आखूड. घरच्यांना विचारा, आई-पप्पांना गाडीचं नाव आणि वर्ष बरोबर आठवतं कारण त्या वर्षी कोणाचं तरी लग्न असतं. जुने अल्बम काढा, फोटोत मावशी असते आणि तिच्या मागे अर्धं इंजिन असतं, त्या अर्ध्या इंजिनावरचा नंबर वाचता आला तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

नंबरावरून क्लास, म्हणजे इंजिनाचा प्रकार, कसा ओळखायचा ते सांगतो. १६, १७ किंवा १८ हजारांतला पाच आकडी नंबर असेल तर ते डब्ल्यूडीएम-२ घराण्यातलं, म्हणजे आपण सगळ्यांनी सर्वात जास्त बघितलेलं इंजिन. अमेरिकेच्या ॲल्को कंपनीचं डिझाईन, १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली, १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यू (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स) कारखान्यात बनायला लागलं, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. ११ हजारांतला नंबर म्हणजे डब्ल्यूडीएम-३डी, १२ हजारांतला डब्ल्यूडीजी-४, २० हजारांतला डब्ल्यूडीपी-४. अक्षरांचा अर्थ सोपा आहे, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे नॅरोगेज, मग डी डिझेलचा, आणि शेवटी एम असेल तर प्रवासी-मालगाडी दोन्हीसाठी, पी प्रवासी, जी गुड्स, एस शंटिंग. डब्ल्यूडीएम-३ए मधला ३ म्हणजे तीन हजार आणि ए म्हणजे वर शंभर, म्हणून ३१०० हॉर्सपॉवर. एक लक्षात ठेवा, बरीच डब्ल्यूडीएम-२ नंतर दुरुस्तीत ३ए झाली आणि नंबर जुनाच राहिला, त्यामुळे एकाच नंबराच्या इंजिनाचं मॉडेल करताना साल ठरवावंच लागतं, नाहीतर १९८८ च्या आठवणीवर २००८ चं इंजिन बसतं.

नंबराच्या बाजूला शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल जिथे होते त्या ठिकाणाचं, नाव असतं, तेही टिपा. आपल्या भागात पुणे आणि कल्याण शेडची इंजिनं दिसायची, औरंगाबादकडच्या गाड्यांना दक्षिण मध्य रेल्वेची, म्हणजे मौला अलीसारखी शेडं. रंगसंगती शेडप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलायची म्हणून शेड आणि साल दोन्ही माहीत असल्याशिवाय रंग विकत घेऊ नका. आयआरएफसीए या रेल्वेप्रेमींच्या क्लबच्या फोटोसंग्रहात शेडनुसार, क्लासनुसार जुने फोटो शोधता येतात, तिथे एक रविवार घालवा.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या आधीचं आहे आणि औरंगाबादकडे मीटरगेजने गेलेत त्यांनी वायडीएम-४ कडे बघा, तेही ॲल्कोच, पण लहान, १३०० हॉर्सपॉवर. ती लाईन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली आणि मनमाडचं मीटरगेज तिथेच संपलं, त्यामुळे हे इंजिन तुमच्या कपाटात असणं मला तरी फार मोलाचं वाटतं.

आता स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान. इथे नीट वाचा कारण बहुतेक पैसे इथे वाया जातात. जगात सर्वात जास्त चालणारं स्केल एचओ, म्हणजे १:८७. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर, ८७ ने भागलं की साधारण १९७ मिलिमीटर, म्हणजे वीतभर. ब्रिटिश हॉर्नबी वगैरे ओओ स्केलमध्ये असतात, १:७६.२, त्यात हेच इंजिन साडेबावीस सेंटीमीटरच्या आसपास जाईल. एन स्केल १:१६०, त्यात पावणेअकरा सेंटीमीटर. एचओ आणि ओओ दोन्ही एकाच १६.५ मिमी रुळावर धावतात म्हणून लोक एकत्र घेतात, पण कपाटात शेजारी ठेवल्यावर एक इंजिन दुसऱ्यापेक्षा उगाच दांडगं दिसतं आणि ते कायम खटकत राहतं. एकच स्केल ठरवा आणि तिथेच राहा. मी एचओ सांगेन, कारण सुटे भाग, चाकं, बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा), डिकोडर (वेग आणि आवाज सांभाळणारी चिप) सगळं त्यातच जास्त मिळतं.

आणि गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची, एक भानगड आहे जी विकणारे सांगत नाहीत. १६.५ मिमी रूळ हा परदेशी स्टँडर्ड गेजचा, १४३५ मिमीचा, ८७ वा भाग. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात. म्हणजे आपलं इंजिन एचओ रुळावर ठेवलं की चाकं खऱ्यापेक्षा जवळजवळ तीन मिमी आत येतात. बाजूने बघितलं तर काही कळत नाही, समोरून बघितलं की अंगाच्या मानाने पाय जवळ दिसतात. चालवायचं असेल तर हे मान्य करून पुढे जायचं, बहुतेक जण तेच करतात. नुसतं कपाटात ठेवायचं असेल तर मात्र हाताने बनवलेला १९.३ मिमीचा तुकडा आणि रुंद ॲक्सल करून बघा, समोरचा चेहरा एकदम आपला दिसायला लागतो. मीटरगेजवाल्यांचं नशीब चांगलं, १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि एचओएम नावाचा १२ मिमीचा रूळ तयार मिळतो.

मॉडेल येणार कुठून? आपल्याकडे हाताने, थोड्या थोड्या संख्येने बनवणारे लोक आहेत, थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी आणि आत परदेशी चॅसिस, म्हणजे मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा: चॅसिस कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल, स्केल नक्की किती, आणि बिघडलं तर सुटा भाग कुठे मिळेल. चॅसिसचं उत्तर नीट मिळालं नाही तर ॲडव्हान्स देऊ नका.

स्वतः बनवायचं असेल तर बोगीकडे बघा. डब्ल्यूडीएम-२ ची बोगी तीन ॲक्सलची ट्रायमाउंट आहे आणि तिच्यात तीन ॲक्सलमधली अंतरं सारखी नाहीत, दोन ॲक्सल जवळ आणि एक लांब. ही लकब बघणाऱ्याच्या डोळ्यात बसलेली असते, नाव माहीत नसलं तरी. साध्या सारख्या अंतराच्या बोगीवर ॲल्कोची बॉडी बसवली की काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. म्हणून ॲल्कोच्याच जुन्या अमेरिकन इंजिनांचं चॅसिस शोधा, ॲटलास कंपनीची आरएसडी-४/५ आणि आरएसडी-१२ ही एचओ मॉडेलं ट्रायमाउंट बोगीवर आहेत. लांबी तंतोतंत जुळत नाही, आरएसडी-१२ थोडं लांब आहे, म्हणून बॉडी प्रिंट करायच्या आधी चॅसिस हातात घ्या, मोजा, मग फाईल तयार करा. उलटं करू नका. डब्ल्यूडीजी-४ किंवा डब्ल्यूडीपी-४ हवं असेल तर ते तेव्हा जनरल मोटर्सच्या असलेल्या ईएमडी कंपनीचं घराणं, कॅटो कंपनीच्या एसडी७० मॅकसारखं चॅसिस बघायला हरकत नाही, पण तिथेही मोजमाप आधी.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी हिशोबात धरा. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७० केली, आणि मॉडेल ट्रेन त्याच गटात धरली जाते. त्यातच खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नियम आहे, त्यामुळे पार्सल अडकू शकतं. ऑर्डरच्या दिवशीचा दर बघा, कुरिअरवाल्याला आधी विचारा, आणि एखादं साउंडवालं इंजिन तिकडे दोन-तीनशे डॉलरला दिसलं तर घरी पडताना किती होईल ते कागदावर मांडूनच बटण दाबा. परदेशात राहणारी भाची, पुतण्या सुट्टीला येताना सुटं चॅसिस आणतात तो मार्ग बऱ्याच जणांचा चालू आहे, पण त्यांना बिल सोबत ठेवायला सांगा आणि सामानाच्या सवलतीची मर्यादा बघा.

बॉडीचं काम मात्र नाशिकमध्ये होतं, याचा आपल्याला खरंच फायदा आहे. सातपूर, अंबड एमआयडीसीत प्रोटोटाईप बनवणारे थ्रीडी प्रिंटिंगवाले आहेत. रेझिन प्रिंट मागा, फिलामेंटवाली नको, कारण फिलामेंटमध्ये थरांच्या रेघा दिसतात आणि लांब हूडच्या बाजूचे दरवाजे, लूव्हर, कड्या सगळं बुजतं. मोठ्या जॉबच्या मध्ये आपलं छोटं काम करायला दादा लोक तयार होतात, फक्त घाई करू नका आणि खऱ्या इंजिनाचा फोटो सोबत न्या, फोटो बघितला की त्यांनाही मजा येते, मला एकाने "अहो हे तर आमच्या गावावरून जायचं" म्हणत कॅबची खिडकी स्वतःहून नीट करून दिली.

प्रिंट आली की आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवा, पूर्ण क्युअर, म्हणजे कडक, होऊ द्या, सपोर्टचे ठिपके बारीक पेपरने घासा, मग प्रायमर. प्रायमर मारल्यावर सगळे दोष दिसतात, ते भरा, पुन्हा घासा, पुन्हा प्रायमर. रंग पातळ पातळ थरांत, आणि आधी फिकट रंग मग गडद, पट्ट्यासाठी मॉडेलिंगची मास्किंग टेप वापरा, हार्डवेअरच्या दुकानातली जाड टेप कडेला रंग खाली सोडते. पावसाळ्यात स्प्रे करू नका, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकं पाणी असतं की लॅकरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते मेपर्यंत रंगकाम, पावसाळ्यात वायरिंग आणि वाचन, असं वर्षाचं गणित बसवलं की त्रास होत नाही.

नंबर आणि शेडचं नाव वॉटरस्लाईड डिकलने, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायच्या स्टिकरने. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते हे विसरू नका, गडद बॉडीवर पांढरा किंवा पिवळा नंबर हवा असेल तर पांढऱ्या डिकल पेपरवर मागचा रंग जुळवून छापावा लागतो, किंवा पांढरी शाई छापणाऱ्याकडून करून घ्यावं. अमेरिकन चॅसिसला बाजूचे बफर नसतात, ते आपल्या इंजिनाला लावलेच पाहिजेत, गोल बफर नसले की चेहरा परका दिसतो. आणि तुमच्या आठवणीतलं इंजिन लांब नाक पुढे करून यायचं का आखूड, ते ठरवून हेडलाईट आणि ड्रायव्हर त्या बाजूला. डब्ल्यूडीएम-२ बऱ्याचदा लांब हूड पुढे करून चालायचं, ड्रायव्हरला समोर ते लांबलचक धूड आणि बाजूने थोडासा रूळ. काही डब्ल्यूडीएम-२ ना आखूड बाजूला मोठ्या काचा होत्या, त्यांना जंबो म्हणतात, ते मॉडेल वेगळं, साध्या बॉडीवर जंबोचा नंबर लावू नका.

जुनं मॉडेल घेताना हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, निदान चालतानाचा व्हिडिओ मागा. चालताना ठराविक लयीत टक टक आवाज येत असेल तर ॲक्सलचा प्लास्टिक गिअर तडकलेला असण्याची शक्यता मोठी, तो बदलता येतो, पण किंमत कमी करून घ्या. धातूचं चॅसिस फुगलेलं, वाकलेलं, बारीक चिरा पडलेलं असेल तर सरळ सोडा, जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असली की तो आतून किडत जातो आणि त्याला इलाज नाही. डबा, सुट्या कड्यांची पिशवी, कागद आहे का बघा.

आवाज हवा का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नुसतं १२ व्होल्ट डीसीवर इंजिन छान चालतं आणि खर्च कमी. पण ज्याने मनमाडला ॲल्को सुटताना ऐकलंय त्याला साउंड डिकोडर लावल्यावर जे वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. साउंडट्रॅक्सच्या सुनामी आणि ईएसयूच्या लोकसाउंड डिकोडरांत ॲल्को २५१ इंजिनाचा आवाज मिळतो, आणि डब्ल्यूडीएम-२ मध्ये २५१ च आहे, त्यामुळे हा आवाज चुलत नाही, सख्खा आहे. हॉर्न मात्र आपला नसतो, तो यादीतून त्यातल्या त्यात जवळचा निवडा. डिकोडर घेण्याआधी चॅसिसमध्ये ८ पिनचं सॉकेट आहे का २१ पिनचं का काहीच नाही ते बघा. सेटिंग करताना पहिल्या नॉचला (वेग वाढवायच्या दांड्याच्या पहिल्या पायरीला) आवाज आधी चढू द्या आणि इंजिन जरा उशिरा हलू द्या, खरं ॲल्को तसंच करायचं. तो काळा धूरही त्याच कारणाने, ड्रायव्हरने नॉच उघडला की डिझेल लगेच वाढतं पण टर्बो (इंजिनात हवा ढकलणारा पंखा) फिरायला वेळ घेतो, तेवढा वेळ हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं सगळं धुराड्यातून वर येतं. ईएमडीच्या इंजिनांत सुरुवातीला टर्बो गिअरवर फिरतो म्हणून त्यांचा धूर कमी.

चालवायचं असेल तर सहा ॲक्सलच्या इंजिनाला वळण मोठं लागतं. स्टार्टर सेटमध्ये येणारा १८ इंची रेडियस कसाबसा चालतो आणि बफर, पाइप घासतात, २२ इंच किंवा जास्त ठेवा. नवीन इंजिन रुळावर ठेवलं की दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने फिरवा. तेल अगदी थेंबभर, प्लास्टिकला चालणारंच, तो गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको. रूळ आयपीएने पुसा.

नाशिकमध्ये उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट, दोन्हींचा बंदोबस्त लागतो. काचेचं कपाट घ्या आणि दाराच्या फटीला पट्टी लावा, आत सिलिका जेलची पुडी, ती रंग बदलली की ओव्हनमध्ये कोरडी करून पुन्हा. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट नको, लाल रंग सगळ्यात आधी उडतो. डब्यात ठेवायचं असेल तर फोम आणि इंजिनामध्ये पातळ प्लास्टिकची शीट घाला, साधा फोम काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो. लहान मुलं घरात असतील तर त्यांच्यासाठी एक स्वस्त दणकट सेट वेगळा आणा, हात लावू नको म्हणून कोणाला गाड्यांची आवड लागत नाही.

प्रत्येक इंजिनाखाली छोटी पट्टी लावा. क्लास, नंबर, शेड, आणि तुम्ही ते कुठे आणि कुठल्या गाडीला बघितलं. डीएलडब्ल्यूचं नाव २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं, दौंड आणि औरंगाबाद दोन्ही लाईनींवर आता तारा आहेत, पुढच्या पोरांना मनमाडला डिझेल क्वचितच दिसेल, त्यांना या पट्टीवरूनच कळणार आहे.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एकदा पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, मुलांना घेऊन. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते अख्खं छोटं शहर चालताना बघितलं की स्केल, वळणं, सिग्नल सगळं एका तासात डोळ्यांना समजतं. येताना रस्त्याने न येता मनमाडमार्गे रेल्वेने या आणि अंकाईपासून खिडकी सोडू नका.